प्रबोधन कोणी विझवले? गोव्याच्या मूक मुद्रणालयाची साक्ष

युरोपीय प्रबोधनाची कारणे कोणती, हा प्रश्न आपल्याकडे शाळेपासून स्पर्धा परीक्षांपर्यंत इतक्या वेळा विचारला जातो की त्याचे उत्तर करमाळ्यातला दहावीचा विद्यार्थीही झोपेतून उठवले तरी घडाघडा सांगेल. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडले, ग्रीक पंडित हस्तलिखिते घेऊन इटलीत आले, गुटेनबर्गने मुद्रणकलेला गती दिली, फ्लोरेन्सच्या मेदिची घराण्याने कलावंतांना आश्रय दिला आणि युरोपवर ज्ञानाचा सूर्य उगवला. उत्तर संपले, गुण मिळाले. परंतु उगवलेला तो सूर्य त्याच्या जन्मभूमीत, इटलीत, मावळला कसा, हा प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आढळत नाही. ज्या इटलीने लिओनार्दो आणि मायकेलअँजेलो दिले, त्याच इटलीत शंभर वर्षांच्या आत गॅलिलिओला गुडघे टेकून आपले मत मागे का घ्यावे लागले? हा प्रश्न विचारला की अनेक प्रतिष्ठित गृहीतकांना धक्का बसतो. म्हणूनच तो विचारला जात नसावा.

हा प्रश्न केवळ युरोपचा असता तर त्यावर इतकी शाई खर्चण्याचे कारण नव्हते. पण प्रबोधनाचा हा उदय आणि हा अस्त, दोन्ही आपल्या दारात, मांडवीच्या तीरावर घडलेले आहेत. पोर्तुगीजांनी भारतात पहिला छापखाना आणला आणि आपल्याला आधुनिकतेची ओळख करून दिली, असा डांगोरा गेली कित्येक दशके पिटला जात आहे. छापखाना आला, हे खरे. मात्र तो पुढे किती वर्षे मुका होता आणि का मुका झाला, हे सांगण्याचे सौजन्य हे डांगोरा पिटणारे दाखवीत नाहीत. त्यांनी अर्धवट सोडलेली ही कथा पूर्ण करणे, हे आपले काम आहे.

व्यापार हलला म्हणून?

प्रबोधनाच्या अस्ताची जी कारणे विद्वान देतात, त्यांचा प्रथम विचार करू. पहिले कारण युद्धांचे. १४९४ मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स इटलीत घुसला आणि पुढची काही दशके ही भूमी फ्रान्स आणि स्पेन यांच्या झुंजीचे मैदान बनली. ६ मे १५२७ रोजी सम्राट पाचव्या चार्ल्सच्या, पगार थकलेल्या सैन्याने प्रत्यक्ष रोम लुटले. हे कारण खोटे नाही. पण युद्धाने थांबलेले ज्ञान युद्धानंतर पुन्हा चालू लागते, हा जगाचा अनुभव आहे. पानिपताच्या आघातानंतर मराठी सत्ता दहा वर्षांत पुन्हा दिल्लीत उभी राहिली, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

दुसरे कारण व्यापाराचे. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला, मसाल्याचा व्यापार हळूहळू व्हेनिसकडून लिस्बनकडे सरकला, इटलीची लक्ष्मी आटली आणि लक्ष्मीबरोबर सरस्वतीही गेली, अशी ही मांडणी. आर्थिक कारणांतच सर्व इतिहास पाहणाऱ्या मंडळींना ती विशेष प्रिय आहे. क्षणभर ती मान्य करू. मग साधा प्रश्न असा, की लक्ष्मी जर लिस्बनला आणि गोव्याला गेली, तर सरस्वती तिच्यामागोमाग तिथे का गेली नाही? सोळाव्या शतकात पूर्वेकडील व्यापाराचे सर्वांत श्रीमंत पोर्तुगीज नगर गोवा होते. पैसा होता, जहाजे होती, राजाश्रय होता, छापखानाही होता. मेदिचींच्या फ्लोरेन्सजवळ जे जे होते, ते ते बहुतेक सारे येथे होते. मग गोवा पूर्वेचे फ्लोरेन्स का झाले नाही?

ते होण्याच्या मार्गावर होते. एका मनुष्याने तसा प्रयत्न केलाही. त्याचे काय झाले, हे पाहिले म्हणजे युरोपातल्या प्रबोधनाचे मारेकरीही ओळखू येतात.

नगरच्या दरबारातला वैद्य

गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य. सालामांका आणि अल्काला या स्पेनमधील विद्यापीठांत शिकलेला, लिस्बनमध्ये अध्यापन केलेला. १५३४ मध्ये तो गोव्यात आला आणि आयुष्यभर येथेच राहिला. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य आणि स्नेही होता. नगर-टेंभुर्णी रस्त्यावर वसलेल्या आमच्या करमाळ्याच्या या टापूवर त्या काळी निजामशाहीच्या राजकारणाची छाया होती आणि जवळचा परंडा किल्ला तिच्या महत्त्वाच्या ठाण्यांपैकी एक होता. मुंबई बेटही पोर्तुगीज सरकारकडून ऑर्ताने सुमारे १५५४ मध्ये भाडेपट्ट्याने घेतले होते. म्हणजे हा मनुष्य गोवा, मुंबई आणि नगर या तिन्ही ठिकाणी वावरलेला, आपल्या मातीशी जवळीक असलेला होता.

१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात त्याचा ग्रंथ छापून पूर्ण झाला. हिंदुस्थानातील औषधी वनस्पती आणि द्रव्ये यांविषयीचे ते संवाद आहेत. हिंग, विड्याचे पान, आंबा, नारळ, दालचिनी, धोत्रा अशा आपल्या नित्य परिचयाच्या वस्तूंची त्यात चर्चा आहे. पटकीच्या रोगाचे युरोपीय वैद्याने केलेले अगदी प्रारंभीचे तपशीलवार वर्णन याच ग्रंथात येते. या ग्रंथाचे मोल केवळ माहितीत नाही. येथील वैद्य आणि हकीम यांना विचारून, स्वतः डोळ्यांनी पाहून, ग्रीक आचार्य गेलन आणि डायोस्कोरिडिस यांनी जे चुकीचे लिहिले होते, ते ऑर्ताने निर्भयपणे दुरुस्त केले. जुन्या ग्रंथाचा आदर राखून प्रत्यक्ष अनुभवाला प्रमाण मानणे, यालाच तर प्रबोधन म्हणतात! पोर्तुगालचा महाकवी कामोइश याची छापली गेलेली पहिली कविता याच ग्रंथाच्या आरंभी आहे. सोळाव्या शतकात गोव्यात प्रबोधनाचा दिवा खरोखरच लागला होता, याला आणखी पुरावा कशाला हवा?

'व्हडलें घर'

पण त्या दिव्यावर झाकण घालणारी संस्था तीन वर्षे आधीच गोव्यात अवतरली होती. इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय. पोर्तुगालमध्ये ते १५३६ मध्ये स्थापन झाले. ते गोव्यातही यावे, अशी विनंती फ्रान्सिस झेवियर यांनी १५४६ मध्ये राजा तिसरा जॉन याला पत्राने केली आणि १५६० मध्ये ते आले. आदिलशाहीच्या जुन्या वाड्यात त्याचे कार्यालय थाटले गेले. लोक त्या वास्तूला 'व्हडलें घर' म्हणत. मोठे घर! त्या साध्या नावात केवढी दहशत साठवलेली होती, याची कल्पना आज करणेही कठीण आहे.

ऑर्ताचे आईवडील मूळचे ज्यू. सक्तीने ख्रिस्ती झालेल्यांपैकी. आपला जुना धर्म गुप्तपणे पाळणे हा धर्मन्यायालयाच्या लेखी गुन्हा होता. ऑर्ता १५६८ मध्ये वारला आणि प्रत्यक्ष छळातून सुटला. त्याची बहीण कॅतारिना सुटली नाही. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. तेवढ्यानेही समाधान झाले नाही. बारा वर्षे मातीत विसावलेली ऑर्ताची हाडे १५८० मध्ये उकरून काढून विधिपूर्वक जाळण्यात आली. ज्याने हिंदुस्थानच्या वनस्पतींची ओळख जगाला करून दिली, त्याच्या अस्थींनाही या भूमीत जागा मिळू दिली नाही.

आणि त्याचा ग्रंथ? तो जगला, पण गोव्यात नव्हे. क्लुसिअस या विद्वानाने त्याचा लॅटिन सारांश १५६७ मध्ये अँटवर्पला छापला आणि त्यातून युरोपभर ऑर्ताचे ज्ञान पोहोचले. दिवा पेटला मांडवीकाठी, उजेड पडला उत्तर समुद्राच्या काठी.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण अतिशयोक्तीने सत्याचे बळ कमी होते. गोव्याच्या धर्मन्यायालयात १५६१ ते १७७४ या काळात सोळा हजारांहून अधिक खटले चालल्याची नोंद आहे. प्रत्यक्ष जाळलेल्यांची नोंदलेली संख्या मात्र काही डझनांच्या घरात आहे. तिचा आधार घेऊन 'एवढ्याने काय झाले' असे म्हणणारे सज्जन आज आहेत. त्यांना एवढेच विचारावे, की शेजारी कधी चुगली करील याचा नेम नाही, आरोप कोणी केला हे आरोपीला सांगितले जात नाही, घरात तुळस लावली किंवा जुन्या रीतीने लग्न लावले तरी चौकशी होते, अशा गावात किती माणसे जाळावी लागतात? चौकात एक जाळला की घराघरांतले शंभर गप्प बसतात. भीतीचा हिशेब राखेच्या ढिगावरून करायचा नसतो. १६७४ मध्ये याच तुरुंगात डांबला गेलेला फ्रेंच वैद्य देलों याने पुढे १६८७ मध्ये आपली कहाणी प्रसिद्ध केली आणि ती वाचून युरोपही हादरला.

मुका झालेला छापखाना

आता छापखान्याकडे वळू. १५५६ मध्ये एक मुद्रणयंत्र गोव्यात उतरले. गंमत अशी, की ते मुळात हिंदुस्थानसाठी नव्हतेच. ते अबिसिनियाला जायचे होते, वाटेत येथे राहिले. म्हणजे 'पोर्तुगीजांनी आपल्याला मुद्रणकला दिली' या वाक्यातला दानशूरपणा आधीच निम्म्याने कमी होतो! संत पॉलच्या विद्यालयात ते बसवले गेले आणि त्यावर प्रामुख्याने धर्मप्रसाराची पुस्तके छापली गेली. ऑर्ताचा ग्रंथ हा त्यातला विरळा अपवाद.

याच काळातले फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव कृतज्ञतेने घेतले पाहिजे. १५७९ मध्ये आलेल्या या इंग्रज धर्मगुरूने मराठी भाषा आत्मसात केली, तिच्यावर मनापासून प्रेम केले आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. येथील लिपीतच छपाई व्हावी, अशी त्यांची इच्छा होती आणि तशी परवानगी त्यांनी रोमकडे मागितलीही होती. ती इच्छा पूर्ण झाली नाही. मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या. ज्या राज्यात शंभर वर्षे मुद्रणयंत्र होते, त्या राज्याने येथील लोकांच्या लिपीत एक ग्रंथ छापू नये, याला काय म्हणावे? यंत्र होते, कारागीर होते, भाषेचा जाणकारही होता. नव्हती ती फक्त लोकांनी स्वतः वाचावे आणि स्वतः विचार करावा, ही इच्छा.

पुढची पायरी स्वाभाविक होती. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय आल्व्होरचा काउंट याने हुकूम काढला, की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीजच बोलावे. आदल्याच वर्षी छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजांनी गोव्याला दिलेला तडाखा ध्यानात घेतला, म्हणजे या हुकमामागची घबराट उमगते. ज्या भाषेत स्टीफन्सनी ख्रिस्ताचे चरित्र गाइले, तीच भाषा आता ख्रिस्ती राज्याला शत्रू वाटू लागली. गोव्यातून कॅनराकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते करून 'क्रिस्तपुराण' जतन केले. ते नसते, तर आज आपल्या हाती तेही नसते.

तोपर्यंत छापखाना थांबलाच होता. गोव्यातील मुद्रणाचा इतिहास सिद्ध करणारे थोर मराठी संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी दाखवून दिले आहे, की १६७४ नंतर गोव्यात काही छापले गेल्याचे आढळत नाही. छापखाना पुन्हा सुरू झाला तो थेट १८२१ मध्ये. मध्ये गेली एकशे सत्तेचाळीस वर्षे! साथीच्या रोगांनी जुने गोवे ओस पडले, डचांनी व्यापार तोडला, ही कारणे खरी आहेत. परंतु रोगराईने शहर स्थलांतर करते, तसा छापखानाही स्थलांतर करू शकला असता. लोकांना वाचायला द्यायचेच नव्हते, म्हणून छापखान्याला काम उरले नाही.

१६७४ या वर्षाकडे जरा थांबून पाहावे. ज्या वर्षी गोव्याचे मुद्रणालय मुके झाले, त्याच वर्षी रायगडावर राज्याभिषेक झाला. राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झाला. एका बाजूला परकी सत्ता लोकांची भाषा त्यांच्या तोंडातून काढून घेण्याच्या तयारीत होती, दुसऱ्या बाजूला स्वराज्य लोकांच्या भाषेला दरबारात मान देत होते. प्रबोधन कोणत्या बाजूला होते, हे वाचकांनीच ठरवावे.

आणि १६७८ कडेही पाहावे. त्या वर्षी अॅमस्टरडॅमला 'हॉर्टस मलबारिकस' या बारा खंडांच्या वनस्पतिग्रंथाचा पहिला खंड निघाला. केरळचे वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी ब्राह्मण वैद्यांचे ज्ञान त्यात आहे आणि त्यांचे कोकणी निवेदन नागरी अक्षरांत त्या ग्रंथात छापलेले आहे. हे लोक कोचीत कसे आले? पोर्तुगीज छळाला कंटाळून गोवा सोडलेल्या समाजातले ते. ज्यांना गोव्याने हाकलले, त्यांचे ज्ञान अॅमस्टरडॅमने छापले. जी नागरी अक्षरे गोव्यात शंभर वर्षांत उमटली नाहीत, ती हॉलंडमध्ये उमटली. व्यापारानेच प्रबोधन ठरत असते, तर हे असे घडले नसते.

मारेकरी ओळखू आले

आता पुन्हा युरोपकडे वळू, म्हणजे सूत्र हाती येईल. १५४२ मध्ये रोममध्ये धर्मन्यायालयाची पुनर्रचना झाली. १५५९ मध्ये निषिद्ध ग्रंथांची सूची निघाली. १७ फेब्रुवारी १६०० रोजी जिओर्दानो ब्रुनोला रोमच्या चौकात जिवंत जाळले. २२ जून १६३३ रोजी वृद्ध गॅलिलिओकडून मतत्याग वदवून घेतला. त्याच गॅलिलिओचा शेवटचा महान ग्रंथ १६३८ मध्ये कुठे छापला गेला? हॉलंडमधील लायडनला. ऑर्ताचा अँटवर्पला, गॅलिलिओचा लायडनला, कोकणी वैद्यांचा अॅमस्टरडॅमला. नकाशावर या गावांवर बोट ठेवले की समजते, प्रबोधन मेले नाही, ते पळाले. जिथे धर्मपीठ आणि राजदंड यांनी हातात हात घालून विचारांवर पहारा बसवला, तिथून ते उठले आणि जिथे तो पहारा सैल होता, तिथे जाऊन विज्ञानयुग म्हणून पुन्हा जन्मले.

हे सांगताना एका पंथावर सारे खापर फोडणे न्यायाचे होणार नाही. रोमविरुद्ध बंड करणाऱ्या कॅल्व्हिनच्या जिनिव्हातही १५५३ मध्ये सर्व्हेटस या वैद्याला त्याच्या धर्ममतांसाठी जाळण्यात आलेच. आजच्या गोव्यातील किंवा वसईतील ख्रिस्ती बांधवांवर तर याचा कणभरही दोष नाही. त्यांचेच पूर्वज त्या 'व्हडल्या घरा'चे सर्वाधिक बळी होते, हे विसरता कामा नये. दोष आहे तो 'सत्य एकच, ते आमच्याच ग्रंथात, आणि दुसरे बोलणाऱ्याला जगण्याचा अधिकार नाही' या वृत्तीचा. त्या वृत्तीच्या हाती सत्ता गेली की ज्ञान मरते, मग तिचा ध्वज कोणत्याही रंगाचा असो.

आपल्या परंपरेचा आरसा

या पार्श्वभूमीवर आपल्याकडे त्याच काळात काय चालले होते? ऑर्ताची हाडे जळाल्यानंतर चारच वर्षांनी, शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये, पैठणला एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत पाठांत शिरलेले दोष त्यांनी अनेक प्रती ताडून काढून टाकले आणि मूळ पाठात स्वतःची भर घालण्यास मनाई केली. इटलीतील पंडित ज्या पाठचिकित्सेसाठी गौरवले जातात, तेच हे काम. छापखाना नाही, विद्यापीठ नाही, राजाश्रय परक्यांचा, तरी प्रबोधन होते. नाथांच्या मराठी भागवतावर काशीच्या पंडितांनी आक्षेप घेतला, ही परंपरा सांगते. त्याचा निकाल सभेत लागला आणि ग्रंथाची मिरवणूक निघाली, हेही तीच परंपरा सांगते. वादाचा शेवट चितेवर न करता मिरवणुकीत करणे, ही या संस्कृतीची खूण आहे.

करमाळ्याच्या देवीच्या माळावर १७२७ साली निंबाळकर घराण्याने उभारलेले कमलाभवानीचे मंदिर पाहिले की हीच खूण दगडात दिसते. दक्षिणेकडची गोपुरे आणि महाराष्ट्रातली बांधणी तेथे एकमेकांशी भांडत नाहीत. त्याच काळात गोव्याच्या जुन्या काबिजादींत देवळांचे चौथरेही उरले नव्हते. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीतील देव भक्तांनी रातोरात नदीपार नेले. म्हणून मंगेशी, शांतादुर्गा आणि म्हाळसा आज फोंड्यात आहेत. देव पालखीतून नेता आले. ग्रंथ किती नेता आले? त्या काळच्या रामायण-महाभारतातील कथांची रोमन लिपीत उतरवलेली हस्तलिखिते आज पोर्तुगालमधील ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. मूळ पोथ्यांचा मागमूस नाही.

परंतु आरसा हाती घेतला की त्यात केवळ दागिनेच पाहून चालत नाही. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारे परके नव्हते. सावित्रीबाईंवर शेण फेकणारे आपलेच होते. जिवंत आगरकरांची प्रेतयात्रा काढणारेही पुण्याचेच होते. फरक एवढाच, की आपल्याकडे त्या वृत्तीच्या हाती 'व्हडलें घर' कधी आले नाही. गाथा बुडाली, पण ती लोकांच्या मुखातून पुन्हा वर आली. आगरकरांचा 'सुधारक' चालू राहिला. १८३२ मध्ये 'दर्पण' काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनीच १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापवली. गोव्यात मांद्र्याला जन्मलेले भाऊ दाजी लाड आणि सांखवाळचे धर्मानंद कोसंबी यांना आपली प्रतिभा फुलवण्यासाठी मात्र गोव्याबाहेर यावे लागले. महाराष्ट्राचे प्रबोधन वाढले ते विरोध नव्हता म्हणून नव्हे. विरोध असूनही विरोधकाच्या हाती सर्वंकष सत्ता नव्हती म्हणून.

५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमावाने हल्ला केला, कपाटे फोडली, हस्तलिखिते फाडली. एका परकीय लेखकाच्या पुस्तकातील निंद्य मजकुराबद्दलचा संताप समजण्यासारखा होता. पण त्याचे उत्तर दुसरे, अधिक भक्कम पुस्तक लिहून द्यायचे होते. ज्यांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती जगापुढे ठेवली, त्यांच्याच पोथ्या फाडून शिवरायांचा सन्मान कसा होणार? त्या दिवशी पुण्यात जे दिसले, त्याला महाराष्ट्राच्या परंपरेत आधार नाही. तो आधार शोधायचा तर 'व्हडल्या घरा'च्या ओसरीवरच जावे लागेल.

मग आपण काय करायचे?

प्रबोधन चितेवरच संपते असे नाही. ते उपेक्षेनेही संपते. ज्या घरात पोथी लाल कापडात बांधलेली आहे, पण ती उघडून वाचणारा कोणी नाही, तिथे ते आधीच संपलेले असते. आपल्या तालुक्यात जुन्या वाड्यांत, वतनदारांच्या पेट्यांत, मठमंदिरांत किती मोडी कागद आणि पोथ्या वाळवीच्या स्वाधीन झाल्या असतील? ते वाचणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. धर्मन्यायालयाला जे काम करायला हुकूम काढावे लागले, ते काम आपण आळसाने फुकट करीत आहोत.

आज परिस्थिती प्रतिकूल नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. हस्तलिखितांच्या जतनासाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये 'ज्ञान भारतम्' ही मोहीम जाहीर केली. सरकार आपले काम करील. पण करमाळ्यातल्या घरात कोणती पोथी आहे, हे दिल्लीला कसे कळणार? ते आपल्यालाच शोधावे लागेल. प्रत्येक शाखेने, प्रत्येक कुटुंबाने आपल्या गावातील पोथ्यांची आणि मोडी कागदांची यादी करावी, त्यांची छायाचित्रे घ्यावीत, दोन-चार तरुणांना मोडी शिकवावी, गावच्या वैद्याच्या वहीतील वनस्पतींची नोंद करावी. ऑर्ताने नगरच्या दरबारात जे केले, ते आपल्याला आपल्याच अंगणात करायचे आहे.

आणि त्याहून अवघड काम म्हणजे, न पटणारे पुस्तक पुरते वाचून मग त्याला उत्तर देण्याची सवय घरात लावणे. एकनाथांनी पाठ शुद्ध केला, तो चुकीच्या प्रती जाळून नव्हे, तर सर्व प्रती समोर मांडून. हे ज्या समाजाला जमते, त्याचे प्रबोधन कोणालाही विझवता येत नाही. गोव्याच्या छापखान्याची एकशे सत्तेचाळीस वर्षांची शांतता आपल्याला हेच सांगते आहे. ती ऐकायची की पुन्हा एकदा स्वतःच्या घरात निर्माण करायची, याचा निर्णय आता दुसऱ्या कोणाच्या हाती नाही.